कुंडीतील लिली आणि कांद्याचा जमाखर्च

प्रथम एक खुलासा केलेला बरा. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, वनस्पतिशास्त्राची नव्हे. त्या शास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पाठ्यपुस्तकाबरोबरच संपला. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, याचे कारण भोपाळला राहणारी माझी मावशी. तिच्याकडे मी दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या, एक दिवाळी आणि एक जानेवारी काढली. या काळात तिच्या घरच्या लिलींची फुलण्याची, वाढण्याची आणि झोपण्याची अशी सर्व रूपे मला जवळून पाहता आली. आपल्याकडेही घरोघरी लिलीची एखादी कुंडी असतेच. ती पहिल्या वर्षी भरभरून फुलते आणि नंतर नुसतीच हिरवी पाने दाखवीत बसते, अशी तक्रार मी आमच्या गल्लीत अनेकांकडून ऐकली आहे. तिचे उत्तर मला भोपाळच्या बाल्कनीत मिळाले.

'लिली' हे नाव आपण फार सैल हाताने वापरतो. कार्यालयांच्या कोपऱ्यात ठेवलेली, पांढऱ्या पानासारखे फूल येणारी 'पीस लिली' ही वास्तविक अळूच्या कुळातली. तळ्यातील 'वॉटर लिली' म्हणजे आपले कुमुद. तिचा तर कांद्याशी काहीच संबंध नाही. पावसाळ्यात गुलाबी फुलांनी वाफा भरून टाकणारी पावसाळी लिली, लाल भोंग्यासारख्या फुलांची अ‍ॅमरिलिस, मे महिन्यात लाल चेंडू उभा करणारी फुटबॉल लिली, कोळ्याच्या पायांसारख्या लांब पाकळ्यांची स्पायडर लिली आणि आपला देशी नागदवणा, ही सारी मंडळी अ‍ॅमरिलिसच्या कुळातली. शास्त्रज्ञांनी २००९ साली फुलझाडांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात कांदा आणि लसूणही याच कुळात घातले आहेत. म्हणजे आपण ज्यांना कौतुकाने लिली म्हणतो, त्या नात्याने कांद्याच्या भावकीतल्या. कन्नडमध्ये जमिनीखालच्या अशा गाठीला 'गड्डे' म्हणतात आणि उत्तर कर्नाटकात कांद्याला 'उळ्ळागड्डी'. आपल्या मराठीतला 'गड्डा' त्याच घरचा दिसतो. या बाबतीत आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांचे एकमत व्हायला हरकत नाही!

खरी लिली, जिला शास्त्रात 'लिलियम' म्हणतात, ती निराळी. थंड प्रदेशाची. तिच्याकडे शेवटी वळू.

आता भोपाळविषयी थोडे. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख बेळगावच्या माणसाला सांगावी लागत नाही. त्या दिवशी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे दप्तरांच्या मागोमाग नागपूर सोडून तिकडे गेली. त्यांच्यासाठी आणि इतर नोकरवर्गासाठी जी सरकारी वसाहत वसली तिला तात्या टोपे नगर असे नाव मिळाले. तात्या टोपे मूळचे येवल्याचे, तेव्हा तिथे राहायला गेलेल्या मराठी माणसाला नाव तरी परके वाटले नसेल. मावशीच्या सासरची मंडळी त्यांपैकीच. मावशीच्या सासूबाईंना मी आजी म्हणते. आजींच्या सासूबाईंनी नागपूरहून येताना ट्रंकेत भांडीकुंडी भरली आणि वर्तमानपत्रात बांधलेले लिलीचे कांदेही त्यांत ठेवले, असे त्या घरात सांगतात. लाल अ‍ॅमरिलिसचे सात आणि फुटबॉल लिलीचे तीन. रोप असते तर त्या प्रवासात टिकले नसते. झोपलेला कांदा मात्र माती नाही, पाणी नाही, अशा स्थितीत महिना-दोन महिने खुशाल राहतो.

तात्या टोपे नगरच्या क्वार्टरातून ते कांदे पुढे काकांना मिळालेल्या शिवाजी नगरच्या क्वार्टरात आले. भोपाळची ही जुनी सरकारी घरे बैठी आणि लहान, पण प्रत्येकापुढे अंगण आणि अंगणात झाड. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी शिवाजी नगर व तुळशी नगर भागातील झाडे तोडण्याची वेळ आली, तेव्हा नागरिकांनी विरोध केला आणि तो प्रकल्प तात्या टोपे नगराकडे वळविण्यात आला. पुढे जून २०२४ मध्ये मंत्री आणि आमदारांच्या नव्या निवासांसाठी त्याच भागातील सुमारे २९ हजार झाडांवर संकट आले. तेव्हाही लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि तो प्रस्ताव मागे पडला. मोठ्या झाडासाठी माणसे गोळा होतात हे फारच चांगले. परंतु क्वार्टर सोडताना अंगणातल्या कांद्यांची काळजी ज्याची त्यालाच करावी लागते.

काका निवृत्त झाले आणि कोलार रोडवरील तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचे ठरले. सामान हलवायचे होते जानेवारीच्या अखेरीस. आता अडचण अशी की, त्या दिवसांत फुटबॉल लिलीचे जमिनीवर नावनिशाणही नसते. पाने दिवाळीनंतर पिवळी पडून वाळून जातात, आणि मेपर्यंत खाली काही आहे याचा पत्ता लागत नाही. घर सोडणारे किती तरी लोक आपले असे कांदे तिथेच विसरून जात असतील. आजींचे वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसते. त्या पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या : "नळाच्या तोटीपासून दीड हात. तुळशीकडे तोंड कर. आता एक वीत डावीकडे." मी आणि माझा मावसभाऊ खुरप्याने उकरीत होतो. अकरा कांदे निघाले. आजींच्या हिशेबाने बारा हवेत. बारावा दुसऱ्या दिवशी तोटीच्या ओट्याखाली सापडला, तेव्हाच त्यांनी चहा घेतला. अ‍ॅमरिलिसचे कांदे मात्र मान वर काढून बसलेले असतात, त्यामुळे ते शोधावे लागले नाहीत.

वीस फूट लांब अंगणातून दहा फूट बाय चार फूट बाल्कनीत येणे म्हणजे कांद्यांनी आता कुंडीत राहणे आले. जमिनीत झाड स्वतःची व्यवस्था स्वतः पाहते. कुंडीत त्याचा सगळा कारभार आपल्या हाती येतो, म्हणून तो समजून घेतला पाहिजे.

मला हा कारभार माझ्या विषयाच्या भाषेत लवकर समजला. कांदा म्हणजे मुद्दल. पाने कमावती, फूल खर्चीक. अ‍ॅमरिलिसचे फूल मार्च-एप्रिलमध्ये दिसते, पण त्याची कळी कांद्याच्या पोटात सुमारे वर्षभर आधी तयार होऊ लागलेली असते. म्हणजे या वर्षीचे फूल हा गेल्या वर्षीचा नफा. या कांद्याचा एक गंमतीचा नियम आहे : साधारणपणे चार पाने झाली की आत एक फुलाचा दांडा धरतो. आठ पाने जोमाने वाढली तर दोन दांड्यांची आशा. अर्थात कांदा अशक्त असेल तर धरलेली कळीही आतल्या आत सुकते.

हे एकदा ध्यानात आले की पुढचे बरेच काही आपोआप समजते. फुले गळून गेली की लोकांचे त्या कुंडीवरचे लक्ष उडते. कुंडी मागे सरकते, पाणी कधी मिळते कधी नाही, आणि लांब लोंबणारी पाने 'अस्ताव्यस्त दिसतात' म्हणून कापून टाकली जातात. वास्तविक एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचा हा काळच कमाईचा. नेमके याच वेळी कमावत्या माणसांना घराबाहेर काढले, तर पुढच्या वर्षी ताळेबंदात नफा कुठून दिसणार? पहिल्या वर्षी फूल आणि नंतर नुसती पाने, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. नर्सरीतून आणलेल्या कांद्यात नर्सरीवाल्याने कमावलेला नफा असतो. तो आपण पहिल्या वर्षी उचलतो आणि खात्यात पुढे काही भरत नाही.

म्हणून फुले सुकली की फक्त फुले खुडावीत, म्हणजे बी धरण्यात शक्ती जात नाही. दांडा हिरवा आहे तोवर राहू द्यावा, कारण तोही थोडीफार कमाई करतो. पानाला हात लावू नये. याच काळात महिन्यातून एकदा चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मूठभर द्यावे आणि वर्षातून एकदा दोन चमचे हाडांचा चुरा. ताजे शेण मुळीच नको, त्याच्या उष्णतेने कांदा सडतो. चुलीची राख घालावी असे पुष्कळजण सांगतात. बेळगावच्या तांबड्या मातीत ती थोडी चालेल. भोपाळची काळी माती आधीच खारट वळणाची, तिथे राखेने लाभाऐवजी तोटाच संभवतो.

दुसरी गोष्ट विश्रांतीची, आणि माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. एका सकाळी मावशी एका निष्पर्ण कुंडीला पाणी घालीत होती. आजी आतून म्हणाल्या, "काहून गं पाणी टाकून राहिली? निजला आहे तो." नागपूर सोडून इतकी वर्षे झाली तरी त्यांची बोली तशीच आहे. झोपलेल्या कांद्याला मुळे फारशी चालू नसतात, पाने नसतात, तेव्हा दिलेले पाणी वर ओढले जात नाही. ते मातीत साचते आणि कांद्याचा तळ सडवते. कुंडीतल्या लिली तहानेने मरतात त्यापेक्षा मायेने जास्त मरतात. वरून कुंडी ठीक दिसत असते, आणि फेब्रुवारीत बोट लावले तर आत लगदा.

भोपाळमध्ये दिवाळीपासून अ‍ॅमरिलिसचे पाणी कमी करीत जायचे आणि नोव्हेंबरच्या मध्यास बंद करायचे. पाने पिवळी पडून आपसूक गळतात. काहींची सगळी गळत नाहीत, त्यालाही हरकत नाही. कुंडी उजेडाच्या पण कोरड्या जागी ठेवायची. तिकडे डिसेंबर-जानेवारीत अवचित पाऊस येतो. आपण त्याला मावठा म्हणतो, आणि तिथले हिंदी भाषिकही मावठाच म्हणतात. तो आला तर कुंडी आडवी करून ठेवतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आठ ते दहा आठवड्यांची अशी झोप झाली की जानेवारीच्या अखेरीस वरची दोन बोटे माती बदलायची, एकदाच पोटभर पाणी द्यायचे आणि वाट पाहायची. कळीचे किंवा पानाचे टोक दिसले की नेहमीचे पाणी सुरू. टोक दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा पाणी घालण्याचा मोह आवरला पाहिजे. भोपाळला हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गारठतात, त्यामुळे झाडाला झोपेची आठवण निसर्गच करून देतो. बेळगावचा हिवाळा सौम्य. इथे पाणी तोडूनच त्याला झोपवावे लागते.

माती हा भोपाळचा कठीण पेपर. तिथली काळी माती शेतात सोन्यासारखी, पण कुंडीत घातली की पावसात चिखल आणि उन्हात वीट. ओली असताना फुगते, वाळताना भेगा पडून मुळे तोडते. काकांनी बऱ्याच प्रयोगांनंतर ठरविलेले प्रमाण असे : दोन भाग बागेची माती, एक भाग जाडसर वाळू, एक भाग जुने शेणखत, आणि दहा इंची कुंडीला मूठभर कडुलिंबाची पेंड. वाळू नर्मदेची. भोपाळला बांधकामाची वाळू तिकडूनच येते, आणि कुठेही घर बांधणे चालू असले की काका पिशवी घेऊन मुकादमाकडे जातात. मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोचताच फुटला, तर जमले. गोळा फुटलाच नाही तर आणखी वाळू.

कुंडी शक्यतो मातीचीच घ्यावी. मे महिन्यात भोपाळचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि लू वाहते. त्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकची कुंडी तापून आतला कांदा शिजतो. मातीची कुंडी झिरपते, गार राहते. फक्त तिचे वजन विचारात घ्यावे. दहा इंची भरलेली ओली कुंडी दहा-बारा किलोच्या घरात जाते, आणि मावशीकडे अशा चौदा आहेत. बाल्कनीच्या कठड्यावर त्या ठेवणे खालून जाणाऱ्यांच्या जिवाशी खेळ होय. त्या भिंतीच्या कडेने जमिनीवरच ठेवल्या आहेत. बाल्कनी पूर्वेला असल्याने सकाळचे चार तास ऊन मिळते, तेवढे पुरते. पश्चिमेची असती तर मेमध्ये हिरवी जाळी बांधावी लागली असती.

लावण्याची खोली प्रत्येकीची वेगळी, आणि इथे सरसकट नियम लावला की घोटाळा होतो. अ‍ॅमरिलिसचा वरचा एक-तृतीयांश भाग मातीच्या वर उघडा ठेवावा. मान पुरली तर तिच्यात पाणी साचून कूज लागते. तिला अरुंद घर आवडते. कांदा आणि कुंडीची कड यांत दोन बोटांचे अंतर पुरे. फुटबॉल लिलीचा कांदा जेमतेम झाकला जाईल इतका. पावसाळी लिलीचे कांदे लिंबाहूनही लहान. ते दोन इंच खोल, आणि आठ इंची कुंडीत एकटादुकटा न लावता सहा-सात एकत्र. एकटा कांदा लावला तर फूल येते, पण शोभा येत नाही.

या पावसाळी लिलीविषयी मला विशेष प्रेम आहे. हिचे शास्त्रीय नाव झेफिरँथिस, म्हणजे ग्रीक भाषेत 'पश्चिम वाऱ्याचे फूल'. विल्यम हर्बर्ट नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १८२१ साली ते दिले. ही फुले मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन येतो आणि त्याच्यामागे चार-सहा दिवसांत ही फुले येतात, हे त्या गृहस्थाच्या मनातही नसेल, तरी नाव आपल्याला अगदी शोभते. तिची युक्ती अशी की, कोरड्या काळानंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की ती फुलते. रोज थोडे थोडे पाणी मिळाले तर नुसती गवतासारखी वाढते. म्हणून पावसाळ्यात लांबलेली उघडीप पडली असेल तर कुंडीचे पाणी दोन-तीन आठवडे तोडावे, आणि मग एका संध्याकाळी ती बादलीत बुडवून काढावी. भोपाळच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्याच्या छज्जामुळे पाऊस कुंड्यांपर्यंत पोहोचत नाही. तिथे हा कृत्रिम पाऊस पाडून मावसभावाने एका पावसाळ्यात एकाच कुंडीला तीनदा फुलविले. गुलाबी जात पावसाच्या सुरुवातीस, पांढरी बहुधा पाऊस सरताना. पांढरीची पाने वर्षभर हिरवी राहतात, तिला पूर्ण कोरडे झोपवू नये.

स्पायडर लिलीला मोठी कुंडी आणि पाणी भरपूर लागते. नागदवण्याचा पसारा तर बाल्कनीत मावतच नाही. शिवाजी नगरचा नागदवणा शेजाऱ्यांना देऊन टाकला, तो योग्यच निर्णय. फुटबॉल लिलीबद्दल एवढेच सांगते की मे महिन्यात, आजूबाजूला सगळे भाजून निघत असताना, पानांच्या आधी किंवा पानांबरोबर तिचा दांडा वर येतो आणि शंभराहून अधिक बारीक फुलांचा लाल गोळा उभा राहतो. मूळची आफ्रिकेची, तिला उन्हाचे काय! आठ-दहा दिवसांत तो विरतो. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत पाने सांभाळायची. वर्षातले दहा दिवस ऐट आणि पाच महिने राबणे.

किडीचे म्हणाल तर पावसाळ्यात एका सुरवंटावर डोळा ठेवला पाहिजे. काळा, अंगावर पांढरे, पिवळे, लाल ठिपके. दिसायला सुंदर. तो लिलीच्या पतंगाचा सुरवंट. ही मंडळी घोळक्याने येतात, दोन रात्रींत पानांचा फडशा पाडतात आणि मानेतून थेट कांद्यात उतरतात. मुद्दलालाच हात! संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल, थोड्या साबणाने घुसळून, आठवड्यातून एकदा फवारले तर ते फिरकत नाहीत. मानेच्या खाचेत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडविलेल्या बोळ्याने पुसावा.

आता गंभीर गोष्ट. वर कांद्याच्या भावकीचा विनोद केला, पण ही भावकी विषारी आहे. अ‍ॅमरिलिस, फुटबॉल लिली, स्पायडर लिली, सर्वांचे कांदे पोटात गेले तर मळमळ, उलट्या आणि त्याहून वाईट परिणाम होतात. वाळवायला ठेवलेला लिलीचा कांदा आणि बाजारातला कांदा यांत घाईच्या वेळी, अंधाऱ्या स्वयंपाकघरात, फरक कळेलच असे नाही. घर हलविताना तर सगळ्याच पिशव्या एकत्र होतात. आजींच्या घरात यासाठी रीतच आहे : लिलीचे कांदे लाल कापडात बांधायचे आणि कपाटाच्या वर ठेवायचे, स्वयंपाकघरात कधीही नाही. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावी नात्याने वरच्या सर्वांपेक्षा खऱ्या लिलीला जवळची, आणि तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे. तिच्या नांगराच्या आकाराच्या कंदात कोल्चिसीन नावाचे तीव्र विष असते. घरात लहान मूल असेल तर ती कुंडीत लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खऱ्या लिलीचे मांजरांशी तर वैरच. पान, फूल, अंगाला लागलेले परागही मांजराने चाटले तर त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मावशीकडे मांजर आहे. म्हणून तिच्या चौदा कुंड्यांत लिलियमची एकही नाही.

ही खरी लिली काकांच्या एका मित्राकडे पाहिली. मोठी, सुगंधी, फुलवाल्याच्या काचेत ठेवतात तशी. तिची ओढ मलाही वाटली. पण तिची जात थंड हवेची. दक्षिण भारतात खरी लिली रानात आढळते ती निलगिरीसारख्या उंच डोंगरांवर. मणिपूरचे राज्यपुष्प असलेली शिरुई लिली उखरूलजवळच्या शिरुई डोंगरावर मिळते. फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी ती १९४६ साली पाहिली आणि पत्नीचे नाव तिला दिले. ती डोंगराखाली आणून रुजविणे फार अवघड. बाजारात मिळणारे संकरित लिलियमचे कांदे बहुतांशी हॉलंडहून येतात, शीतगृहात काही आठवडे गारठवून. तेच त्यांचे कृत्रिम हिवाळे. भोपाळला ते ऑक्टोबरच्या शेवटी लावले तर जानेवारीच्या आसपास फुले येतात. यांना वरची कोरडी साल नसते, नुसते खवले असतात. त्यामुळे वाळू देता येत नाहीत, आणले की लावावे लागतात. आणि कांद्याच्या वरच्या दांड्यालाही मुळे फुटत असल्याने चार-पाच इंच खोल लावावे लागतात, अ‍ॅमरिलिसच्या अगदी उलट. फुलून झाल्यावर मार्च-एप्रिलचे ऊन लागले की ते खंगतात. दुसऱ्या वर्षी फूल येणे अपवादच. हिशेबतपासनीसाच्या भाषेत सांगायचे तर लिलियम हा महसुली खर्च, अ‍ॅमरिलिस हा भांडवली खर्च. पहिला त्या वर्षीच उडतो, दुसरा खात्यात राहतो आणि पिल्ले घालतो. महसुली खर्च करूच नये असे नाही. घरी मांजर नसेल, एखादे मंगलकार्य असेल, तर जरूर करावा. परंतु एका लिलियमच्या पैशात पावसाळी लिलीचे मूठभर कांदे येतात, हेही पाहावे.

पिल्लांविषयी थोडेसे. अ‍ॅमरिलिसच्या कांद्याला बाजूने लहान कांदे फुटतात. ते लगेच तोडू नयेत. आईच्या अर्ध्याएवढे झाले की झोपेच्या काळात, जानेवारीत, अलगद वेगळे करावेत. तोडलेल्या जागी हळद किंवा कोळशाची पूड लावून दोन दिवस सावलीत वाळवून मग लावावेत. दोन-तीन वर्षांनी ते फुलतात. नागपूरहून आलेल्या सातांचे आज किती झाले याची मोजदाद मावशीलाही नाही, कारण प्रत्येक बदलीच्या वेळी, प्रत्येक लेकीच्या लग्नात, काही वाटले गेले. जबलपूरला आहेत, इंदूरला आहेत, एक कुंडी परत नागपूरलाही गेली आहे.

त्यांतले सहा अ‍ॅमरिलिस आणि दोन फुटबॉल लिली मी यंदा बेळगावला आणल्या. गोवा एक्सप्रेस भोपाळहून थेट बेळगावला येते, त्यामुळे वाटेत गाडी बदलण्याचा प्रश्न नाही. माती झटकून, मुळे न तोडता, प्रत्येक कांदा वर्तमानपत्रात वेगळा गुंडाळला. प्लॅस्टिकची पिशवी टाळली, कारण तिच्यात घाम सुटून बुरशी धरते. आल्यावर चार दिवस वाऱ्याला ठेवून लावले. आपल्या तांबड्या मातीत वाळू निम्मीच घातली, तरी पाणी झरझर निघून जाते. इथे खरी चिंता जुलै-ऑगस्टची. बेळगावचा पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. तेव्हा कुंड्या पागोळीखालून आत, व्हरांड्याच्या कडेला घ्याव्या लागतील, आणि कुंडीखाली दोन विटा ठेवून भोक मोकळे राखावे लागेल. सहांपैकी चार कांद्यांना या घटकेला प्रत्येकी पाच पाने आहेत, दोघांना तीन. ज्यांना पिल्ले हवी असतील त्यांनी तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत विचारावे. तोपर्यंत मी तोडणार नाही.